स्टोरीबोर्डचे सॉफ्टवेअर निवडताना आधी बदलांचा विचार करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही पहिलाच पूर्ण लांबीचा कथापट दिग्दर्शित करणार आहात, पटकथा १०४ पानांची आहे, चित्रीकरणाला चार महिने आहेत, सिनेमॅटोग्राफरने स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉट चित्राच्या चौकटींतून दाखवणारी मांडणी, मागितला आहे आणि तुम्हाला चित्रकला येत नाही. मोफत मिळणारी, महिन्याच्या वर्गणीवर चालणारी आणि पडद्यावर त्रिमित पुतळे उभे करून देणारी अशी बरीच सॉफ्टवेअर तुम्ही पाहिली, पण त्यांतले कोणते घ्यावे हे ठरत नाही. शिवाय कृत्रिम बुद्धिमत्तेकडून चित्रे करून घेतली तर हा खटाटोप टळेल का, असेही तुम्ही विचारले आहे.

मी गेली सोळा वर्षे कथापट, मालिका, जाहिराती आणि थोडे ॲनिमेशन यांसाठी स्टोरीबोर्ड करत आले आहे. सुरुवातीची काही वर्षे कागदावर आणि नंतर सर्व टॅबलेटवर. सॉफ्टवेअरची नावे मी पुढे सांगणारच आहे, पण त्याआधी प्रश्न थोडा वेगळा मांडू द्या. तुमच्या पत्रात चित्रकलेची चिंता सर्वांत पुढे आहे. माझ्या अनुभवात मात्र वाईट चित्रांमुळे स्टोरीबोर्ड वाया गेल्याचे मी क्वचितच पाहिले आहे. तो वाया जातो ते पटकथा, लोकेशन आणि वेळापत्रक बदलत गेले आणि बोर्ड मागे राहिला म्हणून. तेव्हा सॉफ्टवेअर पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा की चौथ्या, सातव्या, अकराव्या बदलानंतरही या बोर्डावर सगळ्या विभागांना विसंबून राहता येईल का.

हे मला एका मालिकेने शिकवले. त्या मालिकेसाठी मी सुमारे ३४० चौकटी चित्रकलेच्या साध्या सॉफ्टवेअरमध्ये केल्या होत्या. एका पानावर सहा चौकटी आणि प्रत्येकीखाली हाताने टाइप केलेला शॉट नंबर, अशी मांडणी होती. चित्रीकरणाला नऊ दिवस उरले असताना पटकथेतले दोन सीन एकत्र झाले, एक गळला आणि एक नवा आला. सहा चौकटींच्या पानातून मधली एक काढली की पुढची प्रत्येक चौकट एकेक जागा सरकवावी लागते आणि प्रत्येकीखालचा नंबर पुन्हा लिहावा लागतो. दोन रात्री मी तेच केले, तरी काही नंबर चुकलेच. त्यात कॅमेरा विभागाकडे जुनी, कला विभागाकडे मधली आणि सहायक दिग्दर्शकांकडे नवी पीडीएफ गेली. ज्या शॉटसाठी क्रेन मागवली होती तो शॉट पटकथेतून केव्हाच निघून गेला होता, आणि क्रेन दिवसभर उभी राहिली. त्या बोर्डातली चित्रे मी आजवर काढलेल्या उत्तम चित्रांपैकी होती.

स्टोरीबोर्ड या शब्दातल्या ‘बोर्ड’कडे पाहिले तर या चुकीचे कारण कळते. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत ही पद्धत रूढ झाली तेव्हा चित्रे सुट्या कागदांवर काढून भिंतीवरच्या मोठ्या फलकावर पिनांनी लावत असत. प्रसंग रेंगाळतो आहे असे वाटले की कागद काढायचा, दोन कागदांच्या मध्ये काही कमी पडते असे वाटले की नवा लावायचा, आणि हे सर्व चारचौघांसमोर उभे राहून करायचे. त्या पद्धतीचे सारे सामर्थ्य कागद सुटा असण्यात होते. मी सहा चौकटी एका पानावर कायमच्या चिकटवल्या तेव्हा हेच सामर्थ्य घालवून बसले. सॉफ्टवेअरने पहिल्याप्रथम ती पिन आणि तो सुटा कागद परत दिला पाहिजे.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. तुम्ही ॲनिमेशनपट करत असता तर माझे उत्तर वेगळे आले असते, कारण तिथे प्रत्येक सेकंद कोणीतरी काढणार असतो आणि म्हणून सगळी पटकथा बोर्डावर यावीच लागते. कॅमेऱ्यासमोर माणसे उभी करून करायच्या चित्रपटात तसे नसते. एक पान म्हणजे अंदाजे एक मिनिट हा ढोबळ हिशेब धरला तर तुमची १०४ पाने म्हणजे १०४ मिनिटे होतात. सरासरी शॉट पाच सेकंदांचा धरला तर सुमारे १,२५० शॉट झाले, आणि प्रत्येक शॉटला एकच चौकट, प्रत्येक चौकटीला दहा मिनिटे, असे म्हटले तरी दोनशेहून अधिक तास निव्वळ चित्रे काढण्यात जातील. दिग्दर्शकाच्या चार महिन्यांत एवढे तास मोकळे नसतात, आणि असले तरी ते कलाकारांबरोबरच्या तालमींना द्यावेत असे माझे प्रामाणिक मत आहे.

म्हणून सिनेमॅटोग्राफरबरोबर बसून आधी पटकथेवर खुणा करा. ज्या सीनमध्ये मारामारी, गर्दी, गाडी, पाणी, आग, प्राणी, लहान मुले, क्रेन किंवा व्हीएफएक्स (संगणकावर करायची दृश्ये) आहे, ज्यात एकाहून अधिक विभागांना आधीपासून काहीतरी बांधावे, मागवावे किंवा शिकवावे लागणार आहे, तो सीन बोर्डावर आला पाहिजे. ज्या सीनमध्ये दोन माणसे टेबलाशी बसून बोलतात, तिथे वरून पाहिल्यासारखा खोलीचा आराखडा, त्यात कॅमेऱ्याच्या जागा आणि सोबत नीट लिहिलेले शॉट डिव्हिजन (सीनमधल्या शॉटची यादी) एवढे बहुधा पुरते. शॉट डिझायनर हे छोटे सॉफ्टवेअर याच आराखड्यांसाठी आहे. त्यात माणसे आणि कॅमेरे आराखड्यावर ठेवून त्यांच्या हालचालीही दाखवता येतात. याला एक अपवाद मी नेहमी करते. भावनेच्या दृष्टीने चित्रपट ज्या एका सीनवर उभा आहे तो सीन साधा संवादाचा असला तरी त्याचा बोर्ड करावा, कारण कोणाच्या चेहऱ्यावर केव्हा जायचे आणि केव्हा मुद्दाम जायचे नाही हा निर्णय सेटच्या घाईत नीट होत नाही. अशा खुणा केल्यावर तुमचे काम १,२५० चौकटींवरून तीनशे ते चारशेवर येईल असा माझा अंदाज आहे. तुमची पटकथा मी वाचलेली नाही, म्हणून हा आकडा अंदाजच समजा.

चौकट आणि शॉट यांतला फरक इथे स्पष्ट केला पाहिजे, कारण सॉफ्टवेअर निवडताना तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. ट्रॉलीवरचा एक लांब शॉट दाखवायला तीन चौकटी लागू शकतात, सुरुवातीची, मधली आणि शेवटची. शॉट मात्र एकच असतो. जे सॉफ्टवेअर प्रत्येक चौकटीला नवा शॉट समजून नंबर देते, त्याच्या पीडीएफवरून सहायक दिग्दर्शक दिवसाचे सेटअप (कॅमेरा आणि प्रकाशाच्या मांडण्या) मोजू लागले की आकडा फुगतो आणि वेळापत्रक पहिल्याच पायरीवर चुकते. वंडर युनिटच्या स्टोरीबोर्डर या सॉफ्टवेअरमध्ये चौकटीखाली ‘नवा शॉट’ अशी खूण करण्याची सोय आहे. खूण केली तर पुढचा शॉट सुरू होतो, नाही केली तर ती चौकट आधीच्याच शॉटची पुढची पायरी ठरते. टून बूमच्या स्टोरीबोर्ड प्रोमध्येही ही उतरंड आहे, पण तिथे एक शब्द फसवतो. ते सॉफ्टवेअर ॲनिमेशनच्या परंपरेतले असल्यामुळे तिथे ‘सीन’ म्हणजे आपण ज्याला शॉट म्हणतो ते, आणि आपला सीन तिथे ‘सीक्वेन्स’ होतो. कथापटाच्या माणसांनी हे पहिल्याच दिवशी समजून घेतले नाही तर सगळे नंबर एक पायरी घसरतात.

नंबरांविषयी आणखी एक गोष्ट सांगते, कारण माझ्या मते सॉफ्टवेअरची खरी परीक्षा इथे होते. पटकथा घडत असते तेव्हा नंबर आपोआप बदलले पाहिजेत. बाराव्या जागचा शॉट काढला की तेरावा बारावा व्हावा. वेळापत्रक निघाले की मात्र हे थांबले पाहिजे. त्यानंतर सीन क्रमांक गोठवतात. २४ आणि २५ यांच्यामध्ये नवा सीन आला तर तो २४ए होतो, आणि २५ गळला तर त्याचा क्रमांक दुसऱ्या सीनला न देता पटकथेत ‘ओमिटेड’ म्हणून तसाच राहतो, कारण वेशभूषेपासून वाहनांपर्यंत सगळ्या विभागांच्या याद्या त्या क्रमांकांवर बांधलेल्या असतात. जे सॉफ्टवेअर गोठवल्यानंतरही क्रमांक आपोआप पुढे ढकलते ते कधीच न ढकलणाऱ्याइतकेच धोक्याचे आहे. म्हणून स्वयंचलित क्रमांकन बंद करता येते का आणि क्रमांकात अक्षर घालता येते का, हे विकत घेण्याआधी स्वतः करून पाहा. जाहिरातीच्या पानावर ही माहिती सहसा नसते.

आता चित्रांकडे वळू. तुम्हाला चित्रकला येत नाही, यामुळे अडणार नाही. काडीची माणसे चालतात, पण त्या काडीच्या माणसांनी काही प्रश्नांची उत्तरे दिलीच पाहिजेत. माणूस चौकटीत केवढा आहे, गुडघ्यापासून की छातीपासून? तो कोणत्या बाजूला पाहतो आहे? कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आहे, वर आहे की खाली? त्याच्या पुढे आणि मागे काय आहे? काय हलते आहे, माणूस की कॅमेरा? यांपैकी लुक, म्हणजे पाहण्याची दिशा, सर्वांत महत्त्वाचा, कारण लाइन क्रॉस झाल्याची (कॅमेरा दोन पात्रांमधल्या काल्पनिक रेषेपलीकडे गेल्याने दिशा उलटल्याची) चूक कागदावर पाच सेकंदांत कळते आणि संकलकाच्या टेबलावर कळली तर तिला इलाज उरत नाही. काडीच्या डोक्याला नाक काढायची सवय लावा. एवढ्या एका रेघेने लुक कळतो. बाण दोन वेगळ्या रंगांचे ठेवा, एक माणसाच्या हालचालीसाठी आणि एक कॅमेऱ्याच्या हालचालीसाठी. कॅमेऱ्याचा बाण चौकटीच्या कडेवर किंवा बाहेर काढा. ही साधी शिस्त पाळलेला ओबडधोबड बोर्ड, देखण्या पण दिशाहीन बोर्डापेक्षा सिनेमॅटोग्राफरला कितीतरी अधिक उपयोगी पडतो.

चित्र काढणाऱ्याचा हात मात्र एका बाबतीत हमखास फसतो, आणि तिथे त्रिमित सॉफ्टवेअर खरोखर मोलाचे ठरते. कागदावर कॅमेरा भिंतीतून मागे जाऊ शकतो, लोकेशनवर तो जात नाही. एक उदाहरण आकड्यांनी सांगते. सुपर ३५ प्रकारच्या सेन्सरची रुंदी सुमारे २४.९ मिलिमीटर असते, आणि १६:९ चौकटीसाठी त्यातली उंची सुमारे १४ मिलिमीटर वापरली जाते. उभ्या माणसाचा पूर्ण शॉट घ्यायचा, डोक्यावर आणि पायाखाली थोडी जागा सोडायची, म्हणजे दोन मीटर उंची चौकटीत बसवायची आहे असे धरा. ३५ मिलिमीटरच्या लेन्सने त्यासाठी कॅमेरा पाच मीटर दूर लागतो, २४ च्या लेन्सने सुमारे ३.४ मीटर आणि १८ च्या लेन्सने सुमारे २.६ मीटर. खोली चार मीटर खोल असेल, कॅमेरा आणि त्यामागचा माणूस यांना एक मीटर लागत असेल आणि नटालाही भिंतीपासून थोडे पुढे उभे राहायचे असेल, तर ३५ आणि २४ दोन्ही बाद होतात. तुम्ही बोर्डावर जो शांत, सरळ रेघांचा पूर्ण शॉट काढला आहे तो प्रत्यक्षात १८ च्या लेन्सने घ्यावा लागेल आणि त्याचा भाव पार बदलून जाईल. ही गोष्ट रेकीनंतर (लोकेशन पाहून आल्यावर) लगेच कळली तर वेगळी खोली शोधता येते, सेट असेल तर भिंत निघणारी बांधता येते.

स्टोरीबोर्डरमधल्या शॉट जनरेटरमध्ये साधे पुतळे उभे करून कॅमेरा कोठेही नेता येतो. फ्रेमफोर्ज हे तर खास याच कामासाठीचे, बरेच सविस्तर सॉफ्टवेअर आहे. मात्र कोणत्याही त्रिमित सॉफ्टवेअरमध्ये तुम्ही वापरणार तो सेन्सर आधी नोंदवला नाही तर लेन्सचे आकडे निरर्थक होतात. पूर्ण फ्रेमच्या ३६ मिलिमीटर रुंद सेन्सरवर ५० ची लेन्स जेवढे आडवे दृश्य दाखवते, साधारण तेवढेच सुपर ३५ वर ३५ ची लेन्स दाखवते, दोन्हीकडे कोन चाळीस अंशांच्या आसपास येतो. सिनेमॅटोग्राफरचा कॅमेरा ठरण्याआधीच तुम्ही त्रिमित बोर्ड केला असेल तर त्यावर लेन्सचा आकडा छापू नका, नुसता ‘वाइड’ किंवा ‘टाइट’ लिहा.

त्रिमित कामाचा तोटाही तितकाच खरा आहे. पुतळ्याचा कोपर वळवण्यात वीस मिनिटे जातात आणि तोवर सीनचा विचार थांबलेला असतो. पुतळे सगळे सारखेच निर्विकार दिसतात, त्यामुळे क्लोजअपमध्ये काय घडते आहे ते समजत नाही आणि दिग्दर्शक नकळत सगळेच शॉट लांबून लावू लागतो. मी हे स्वतःच्या कामात पाहिले आहे, म्हणून आता त्रिमित मांडणी फक्त जागेचा भूगोल तपासायला करते. खोलीची खरी मापे घालते, कॅमेरा कुठे मावतो ते पाहते, ती प्रतिमा फिकट करून खालच्या थरावर ठेवते आणि तिच्यावर हाताने माणसे काढते. तुम्ही काडीची माणसे काढा, पद्धत हीच ठेवा.

सुरुवात करण्याआधी दोन गोष्टी निर्मात्याकडून लेखी घ्या, चौकटीचे रुंदी-उंचीचे प्रमाण आणि फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रे. चित्रपट २.३९:१ मध्ये जाणार असेल आणि तुम्ही १६:९ मध्ये बोर्ड केला, तर उंचीचा सुमारे एक चतुर्थांश भाग निघून जाईल आणि तुम्ही विचारपूर्वक डोक्यावर सोडलेली जागा राहणार नाही. फ्रेम रेटचे महत्त्व ॲनिमॅटिकमध्ये कळते. २४ च्या हिशेबाने शंभर मिनिटे भरणारे चित्र तसेच उचलून २५ ने चालवले तर ९६ मिनिटांचे होते. चौकटीचे प्रमाण नंतर बदलू देणारी सॉफ्टवेअर आहेत, पण ती चित्र कापतात किंवा कडेला पट्टे घालतात, रचना पुन्हा करून देत नाहीत.

ॲनिमॅटिक, म्हणजे चौकटी वेळेनुसार एकामागून एक चालवून केलेली ध्वनीसह फिल्म, तुम्ही सगळ्या चित्रपटाची करू नये असे मला वाटते. दोनतीन सीनची मात्र अवश्य करा. संवाद स्वतःच फोनवर वाचून रेकॉर्ड करा, टाइमलाइनवर टाका आणि चौकटींचे कालावधी त्यानुसार ठरवा. यात एक सापळा आहे. स्थिर चित्र पाहताना तीन सेकंदही फार वाटतात, म्हणून माणूस शॉट छोटे करत जातो आणि मग प्रत्यक्ष कलाकाराने घेतलेला विराम त्या गणितात बसत नाही. ॲनिमॅटिकवरून मी शॉटची लांबी कधीच ठरवत नाही. शॉटचा क्रम आणि कोणता शॉट अनावश्यक आहे एवढेच ठरवते. व्हीएफएक्सच्या सीनमध्ये त्याचा आणखी एक उपयोग होतो. स्टोरीबोर्डर आणि स्टोरीबोर्ड प्रो या दोन्हींतून ॲनिमॅटिक संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये नेता येते, त्यामुळे संकलक चित्रित झालेला प्रत्येक शॉट त्या त्या चौकटीच्या जागी बसवतो आणि जो शॉट अजून तयार नाही तिथे चौकट राहू देतो. काय उरले आहे ते सगळ्यांना डोळ्यांनी दिसते. तुमचे संकलक कशावर काम करतात ते विचारून एक्सएमएल, ईडीएल किंवा एएएफ यांपैकी कोणत्या स्वरूपातली फाइल हवी ते आधीच ठरवा आणि चार चौकटींची फाइल पाठवून चाचणी घ्या.

इथवरचे एकत्र सांगायचे तर, सगळी पटकथा बोर्डावर आणू नका, चौकट आणि शॉट वेगळे ओळखणारे आणि क्रमांक गोठवू देणारे सॉफ्टवेअर पाहा, चित्रे काडीची चालतील पण दिशा चुकू देऊ नका, आणि त्रिमित साधनांचा उपयोग जागा तपासण्यापुरता करा.

आता पटकथेशी जोडणीचा मुद्दा. स्टोरीबोर्डरमध्ये फाउंटन या साध्या मजकुराच्या स्वरूपातली किंवा फायनल ड्राफ्ट या पटकथालेखनाच्या सॉफ्टवेअरमधली पटकथा घालता येते आणि सीन आपोआप वेगळे होतात. स्टोरीबोर्ड प्रोही फायनल ड्राफ्टची फाइल घेते. हे सोयीचे आहे, पण सुधारित पटकथा दुसऱ्यांदा घातल्यावर आधी काढलेल्या चौकटी जागेवर राहतात की अनाथ होतात, हे नक्की तपासा. पहिल्यांदा घालणे सगळीकडे जमते. पटकथा देवनागरीत असेल तर आणखी एक चाचणी लागते. जोडाक्षरे पडद्यावर नीट दिसतात आणि पीडीएफमध्ये तुटतात, असे मी अनेकदा पाहिले आहे. तेव्हा ‘दृष्टी’, ‘स्त्री’, ‘उद्ध्वस्त’ असे शब्द असलेले एक पान पीडीएफ करून छापून बघा.

सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी बूर्ड्स आणि स्टुडिओबाइंडर यांसारखी ब्राउझरमध्ये चालणारी साधने चांगली आहेत. समोरच्याला काही बसवावे लागत नाही, दुवा उघडला की प्रत्येक चौकटीखाली शेरा लिहिता येतो आणि सर्वांना एकच ताजी प्रत दिसते. माझ्या क्रेनच्या प्रसंगात हे साधन असते तर ती चूक कदाचित सकाळीच लक्षात आली असती. त्यांच्या मर्यादाही लक्षात घ्या. चित्रीकरणाच्या जागी इंटरनेट असेलच असे नाही, वर्गणी थांबली की प्रकल्प केवळ पाहता येतो की मुळीच उघडत नाही हे अटींमध्ये वाचावे लागते, आणि निर्मिती संस्थेने गोपनीयतेचा करार केला असेल तर पटकथा दुसऱ्याच्या सर्व्हरवर ठेवायला परवानगी घ्यावी लागते. मी कोणत्याही वर्गणीच्या सेवेत पहिल्याच दिवशी पाच चौकटी घालते आणि त्या मूळ आकारातल्या प्रतिमा म्हणून परत बाहेर काढता येतात का ते पाहते. येत नसतील तर तिथे पुढचे काम ठेवत नाही.

सेटवर मात्र शेवटी कागदच चालतो, असा माझा आजवरचा अनुभव आहे. उन्हात टॅबलेटचा पडदा दिसत नाही, हात धुळीने माखलेले असतात आणि दहा जणांना एकाच वेळी बघायचे असते. छापील पानावर तीन किंवा चारच चौकटी ठेवा, शेजारी टिपणाला जागा सोडा, प्रत्येक पानावर आवृत्तीची तारीख मोठ्या अक्षरांत टाका आणि बदललेली पानेच वेगळ्या रंगाच्या कागदावर काढा. बहुतेक ठिकाणी छपाई काळी-पांढरी होते, म्हणून लाल आणि निळ्या बाणांचा फरक करड्या छटेतही कळतो का ते आधी पाहा. मी आता एक बाण भरीव आणि दुसरा पोकळ काढते.

कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चित्रांविषयी तुम्ही विचारलेत. वातावरण, प्रकाशाचा पोत, रंगांची दिशा दाखवायला ती उपयोगी पडतात आणि मी त्यांना सरसकट विरोध करणार नाही. स्टोरीबोर्ड म्हणून मात्र त्यांची अडचण नेमकी आपल्या मुद्द्यावर येते, ती बदल सहज सोसत नाहीत. ‘हीच खोली, हीच माणसे, कॅमेरा फक्त दोन फूट डावीकडे’ असे म्हटले की बरेचदा खिडकी सरकते, बाई हातातली पिशवी बदलते, लुक उलटा होतो, आणि लेन्सला तर मापच नसते. दुसरी गोष्ट मला अधिक काळजीची वाटते. चित्र पूर्ण आणि देखणे दिसले की खोलीतली माणसे चर्चा थांबवतात, कला दिग्दर्शक मनातली वेगळी कल्पना बोलून दाखवत नाही, सिनेमॅटोग्राफर तो प्रकाश ठरलेलाच समजतो. कच्च्या रेघेला लोक सहज म्हणतात की इथे कॅमेरा खाली घेतला तर? ती मोकळीक मला जपावीशी वाटते. शिवाय अशा सेवेला पटकथेतला मजकूर किंवा कलाकारांचे फोटो देण्यापूर्वी तिच्या अटी आणि तुमचे करार दोन्ही वाचले पाहिजेत.

आता थेट शिफारस. तुम्ही वर्णन केलेल्या परिस्थितीत मी स्टोरीबोर्डरपासून सुरुवात करेन. ते मोफत आणि मुक्त स्रोत आहे, त्यात काडीची माणसे भराभर काढता येतात, पुतळ्यांची सोय आहे आणि काढलेली चित्रे तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या प्रतिमा म्हणून राहतात, त्यामुळे उद्या सॉफ्टवेअर बदलले तरी काम हातचे जात नाही. तुमच्याबरोबर चित्रकार येणार असेल आणि त्याला ब्रशची सवय असेल तर क्रिता हे चित्रकलेचे सॉफ्टवेअर पाहा, ५.० या आवृत्तीपासून त्यात स्टोरीबोर्डसाठी वेगळे पॅनेल आले आहे. ब्लेंडर या त्रिमित सॉफ्टवेअरमधली ग्रीस पेन्सिल त्रिमित जागेतच रेघ काढू देते आणि फार सामर्थ्यवान आहे, पण चार महिन्यांत चित्रपट उभा करायचा असताना ती शिकायला घेऊ नका. स्टोरीबोर्ड प्रो घ्यावे ते ॲनिमेशनसाठी, किंवा रोज बोर्ड करणारा माणूस तुमच्या चमूत असेल तेव्हा. एकट्या दिग्दर्शकाला त्यातल्या बहुतेक सोयी लागत नाहीत. शेरे गोळा करायला ब्राउझरमधले एखादे साधन फक्त चित्रीकरणपूर्व महिन्यांपुरते घेता येईल.

निर्णय करण्याआधी दोन दिवस बाजूला काढा. पटकथेतला सर्वांत गुंतागुंतीचा, तीनेक पानांचा सीन निवडा आणि तुमच्या मनात असलेल्या दोन सॉफ्टवेअरमध्ये त्याचा काडीच्या माणसांचा बोर्ड करा. मग त्याच दोन बोर्डांवर मुद्दाम चार बदल करा : मधला एक शॉट काढा, सीनचे दोन भाग करा, एका शॉटला दोन चौकटी वाढवा आणि चौकटींचा क्रम उलटा करून पाहा. प्रत्येक बदलाला किती वेळ लागला ते लिहून ठेवा. शेवटी ज्या बोर्डाला कमी त्रास झाला त्याची पीडीएफ छापा, सहायक दिग्दर्शकांच्या हाती काहीही न समजावता द्या आणि या सीनला किती सेटअप लागतील ते मोजायला सांगा. तुमचा आकडा आधी कागदावर लिहिलेला असू द्या. दोन्ही आकडे जुळले तर ते सॉफ्टवेअर घ्या. जुळले नाहीत तर त्यांनी कोणती चौकट वेगळी वाचली ते विचारा आणि चूक नंबरात होती, बाणात होती की लुकमध्ये, ते पाहून त्याच पानाची दुरुस्त प्रत पुन्हा त्यांच्याकडे द्या.